वाचकांचे प्रश्न : वेशीवर आलेले अस्वल

गेल्या अंकात जांबोटी-चोर्ला रस्त्याविषयी लिहिताना अस्वलाचा उल्लेख ओघात आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे त्या एका वाक्यावरच आहेत. त्यामुळे या महिन्याचे सदर अस्वलासाठीच राखून ठेवले आहे. बहुतेकांनी नाव न छापण्याची विनंती केली असून ती मान्य केली आहे. काही लांब पत्रे आशयाला धक्का न लावता आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात राहतो. त्याच्या घराच्या परसात काळे अस्वल पिल्लांसह येऊन कचऱ्याचा डबा उपडा करते, याचे चित्रीकरण त्याने आम्हांला पाठवले. तिकडे अस्वलांची संख्या फार वाढली आहे, असे तो सांगतो. इकडे खानापूर भागातही अस्वल दिसल्याच्या बातम्या येतात. हे जनावर एकच आहे का? आणि संख्या दोन्हीकडे वाढते आहे का? — एक वाचिका, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : दोन्ही जनावरे काळी आहेत आणि दोन्ही अस्वलेच आहेत, परंतु त्यांच्या जाती वेगळ्या आणि स्वभावही वेगळे आहेत. आपल्या चिरंजीवांच्या परसात येते ते अमेरिकी काळे अस्वल होय. खानापूरच्या रानात आहे ते लांब, विस्कटलेल्या केसांचे, छातीवर पांढुरका इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा पट्टा असलेले आणि बोटभर लांब नखांचे आपले देशी अस्वल. अठराव्या शतकाच्या अखेरीस एका इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने त्याची नखे आणि दात पाहून त्याला दक्षिण अमेरिकेतल्या ‘स्लॉथ’ या आळशी प्राण्याचा भाऊबंद ठरवले. ती चूक पुढे सुधारली गेली, पण इंग्रजी नावात तो आळशीपणा कायमचा चिकटून राहिला. ज्याने या जनावराला वारूळ फोडताना पाहिले आहे, त्याला हे नाव किती अन्यायाचे आहे हे सांगावे लागत नाही. भारतात ‘काळे अस्वल’ या नावाचा खरा मानकरी आणखी वेगळा आहे. तो काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडाच्या डोंगरांत राहतो आणि आपल्याकडे मुळीच नाही.

आता संख्येविषयी. न्यू जर्सीबाबत आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला त्या राज्यात शंभरभर अस्वलेही उरली नव्हती, म्हणून १९७१ मध्ये तेथे शिकार थांबवण्यात आली. आज त्या राज्याच्या एकवीसही जिल्ह्यांत अस्वल दिसल्याच्या नोंदी आहेत, आणि संख्या आटोक्यात राहावी म्हणून शिकारीला अधूनमधून मर्यादित परवानगी द्यावी लागते. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. अमेरिकेच्या पूर्व भागातील डोंगराळ शेते परवडेनाशी झाली तेव्हा लोक शहरांकडे गेले, आणि शंभर वर्षांत त्या पडीक जमिनींवर पुन्हा जंगल उभे राहिले. त्या जंगलात अस्वले परतली. त्यानंतर शहरांतील काही लोक मोकळ्या हवेसाठी त्याच जंगलाच्या कडेला घरे बांधून राहू लागले, आणि घर म्हटले की कचऱ्याचा डबा आला, पक्ष्यांसाठी टांगलेले दाणे आले, अंगणात मांस भाजण्याची शेगडी आली. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ॲशव्हिल या डोंगराळ शहरात झालेल्या अभ्यासात असे आढळले, की शहरात वाढलेल्या वर्षभराच्या माद्यांचे वजन जंगलातील त्याच वयाच्या माद्यांच्या जवळजवळ दुप्पट भरते आणि त्यांतील काही तर दोन वर्षांच्या वयातच वितात. पोटभर आयते अन्न मिळाले की प्रजननही लवकर सुरू होते, हा त्याचा सरळ अर्थ. काळ्या अस्वलाची मादी साधारण वर्षाआड दोन-तीन पिल्ले देते. त्या संपूर्ण खंडात आठ लाखांहून अधिक काळी अस्वले असावीत, असा अंदाज आहे.

आपल्या देशी अस्वलाची स्थिती अगदी उलट आहे. जगात ती वीस हजारांपेक्षा कमी असावीत आणि त्यांतील बहुसंख्य भारतात आहेत. बांगलादेशातून ती नाहीशी झाली. मादी एका वेळी एक किंवा दोन पिल्ले देते आणि दीड-दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ ती सांभाळते. लहानपणी ही पिल्ले आईच्या पाठीवरील दाट केसांना धरून बसतात. त्यामुळे एका मादीची दोन बाळंतपणे दोन-तीन वर्षांच्या अंतराने होतात. असे जनावर चार-पाच वर्षांत एकदम वाढत नाही. तेव्हा खानापूरमध्ये अस्वल पूर्वीपेक्षा अधिक दिसते हे मान्य करूनही, ते अधिक झाले आहे असा निष्कर्ष मी काढणार नाही. दिसण्याची कारणे निराळी आहेत आणि त्यांतील काही पुढच्या पत्रात आली आहेत.

प्रश्न : कणकुंबीच्या अलीकडे आमची काजूची बाग आहे. वडिलांच्या काळी अस्वल आले तर दोन-चार वर्षांतून एकदा. आता गेले तीन हंगाम फाल्गुनापासून ते येते, बोंडे खाते, बांधावरची वारुळे उकरून टाकते. माझी पत्नी आणि दोन बायामाणसे पहाटे बोंडे वेचायला जातात, त्यामुळे जिवाला घोर लागतो. शेजारी कुंपणात वीज सोडण्याचा सल्ला देतात. फटाके लावावेत का, कुत्री पाळावीत का, की बागच सोडून द्यावी? — एक शेतकरी, तालुका खानापूर

उत्तर : आपल्या पत्रातील एका वाक्यात अर्धे उत्तर आहे. ‘बोंडे खाते’ आणि ‘वारुळे उकरते’ असे आपण लिहिले आहे. अस्वलाला आपली बाग नको असून त्या बागेत पडलेले अन्न हवे आहे. हे जनावर मुख्यतः वाळवी आणि मुंग्यांवर जगते. त्याच्या वरच्या जबड्याचे पुढचे दोन दात नसतात. त्या फटीतून, ओठांची नळी करून, फोडलेल्या वारुळातील वाळवी ते अक्षरशः ओढून घेते, आणि त्याचा आवाज शांत रानात बराच लांबपर्यंत ऐकू येतो. वारूळ पावसाने मऊ झाले की त्याची चैन असते. उन्हाळ्यात माती दगडासारखी होते, तेव्हा ते फळांकडे वळते : बोर, करवंद, बहाव्याच्या शेंगा, उंबर, जांभूळ, फणस आणि मध. आपल्या भागात या यादीत काजूच्या बोंडांची भर पडली आहे. बी काढून घेतल्यावर बोंडांचा ढीग बागेतच टाकून देण्याची आपल्याकडे रीत आहे. तो ढीग आंबला की त्याचा वास आपल्यालाही बांधावरून येतो, आणि अस्वलाचे नाक तर आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण असते.

दुसरे कारण टणटणीचे आहे. आपल्या वडिलांच्या काळात बांध आणि पायवाटा साफ राखल्या जात असत, कारण माणसे होती. आता तरुण मंडळी बेळगावात किंवा गोव्यात नोकरीला आहेत. जी शेते पडीक झाली त्यांवर टणटणी माजली आहे. तिच्या दाट जाळीत अस्वलाला दिवसभर लपून राहता येते आणि तिची फळेही ते खाते. अमेरिकेच्या पडीक शेतांवर जे घडले त्याचीच ही छोटी आवृत्ती आहे. फरक एवढाच, की तिकडे त्या जागी खरे जंगल उभे राहिले आणि इकडे झाडोरा. शिवाय पश्चिम घाटातल्या दाट, ओल्या सदाहरित रानात या अस्वलाची संख्या मुळात विरळच असते. त्याला तुलनेने कोरडे, उघडे, फळझाडांचे रान मानवते, आणि ते रान आज आपल्या शेतांच्या कडेलाच उरले आहे. दारोजीसारख्या कोरड्या, दगडी टेकड्यांच्या मुलखात कर्नाटक सरकारने १९९४ मध्ये खास अस्वलांसाठी अभयारण्य केले, ते याच कारणाने.

आता उपायांकडे वळू. वीज सोडण्याचा विचार मनातून काढून टाकावा. हे अस्वल १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारल्यास किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांची कैद होऊ शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अशा तारेला पहाटे अंधारात पहिला हात लागतो तो बहुधा घरच्याच माणसाचा. रानडुकरांसाठी लावलेल्या फाशांनाही हेच लागू आहे. फाशात पाय अडकलेले अस्वल हे रानातील सर्वांत धोक्याचे जनावर होय.

बोंडे त्याच दिवशी उचलावीत आणि घरापासून, वाटेपासून दूर खड्ड्यात पुरावीत. दूर म्हणजे बागेच्या दुसऱ्या टोकाला नव्हे, कारण मग अस्वल बाग ओलांडूनच तेथे जाणार. घराभोवती आणि बागेत जाण्याच्या वाटेच्या दोन्ही बाजूंना वीस-पंचवीस पावले टणटणी साफ ठेवावी. हे काम एकट्याने होणारे नाही, पण शेजारच्या चार बागाईतदारांनी मिळून हंगामाआधी दोन दिवस दिले तर होते. वेचणी सूर्य चांगला वर आल्यावरच सुरू करावी. तासभर उशीर झाला म्हणून बोंडे पळून जात नाहीत. बायकांनी दोघी-तिघींनी मिळून, बोलत जावे, हातात घुंगुरकाठी असावी. अस्वलाची नजर आणि कान माणसाच्या मानाने फार तेज नसतात, आणि वारुळात तोंड खुपसून ओढत असताना तर त्याला स्वतःच्या आवाजापुढे काहीही ऐकू येत नाही. त्याला आपली चाहूल आधी लागली तर बहुतेक वेळा ते बाजूला होते. वीस पावलांवर अचानक समोर आलात तर मात्र ते बाजूला होईलच असे नाही.

कुत्र्यांच्या बाबतीत माझे मत बहुतेक लोकांपेक्षा वेगळे आहे. बांधलेले कुत्रे राखणीला चांगले, कारण ते भुंकून सूचना देते. मोकळे कुत्रे अस्वलावर धावून जाते, अस्वल उलटले की शेपूट घालून धन्याकडेच परत येते आणि अस्वलाला सोबत घेऊन येते. फटाक्यांविषयी एवढेच सांगेन, की अस्वल लांब असेल, त्याला पळायला मोकळी वाट असेल आणि लावणारा माणूस घराच्या आडोशाला असेल, तरच त्यांचा उपयोग आहे. जाळीत लपलेल्या अस्वलाभोवती गाव गोळा करून फटाके फोडणे हा अपघाताला दिलेला निमंत्रणाचा विडा आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावच्या गोल्फ मैदानात बिबट्या शिरला, तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या आणि शोधासाठी शिमोग्याकडच्या सक्रेबैल छावणीतून हत्ती आणावे लागले होते. त्या दिवसांत बघ्यांनी वनखात्याची जी दमछाक केली, ती बेळगावकरांना आठवत असेल. मोबाइल उंचावून जाळीकडे सरकणारी गर्दी पाहिली की मला अस्वलाची काळजी वाटते आणि त्याहून अधिक पहिल्या रांगेतल्या पोराची.

बाग सोडू नये. सोडलेल्या बागेत पुढच्या पावसाळ्यात टणटणी येईल आणि मग अस्वल शेजाऱ्याच्या दारात येईल.

प्रश्न : आम्ही बेळगावातील सात-आठ मित्र दर महिन्याला वैजनाथ, महिपाळगड, कलानंदीगड, पारगड अशा ठिकाणी जातो. भ्रमणध्वनीवर एक संदेश फिरतो आहे : अस्वल समोर आले तर हात वर करून मोठे व्हा आणि ओरडा, उतारावरून पळा, झाडावर चढा किंवा मेल्याचे सोंग घ्या. यातले काय खरे? — एक पदयात्री, शहापूर, बेळगाव

उत्तर : या संदेशात तीन खंडांतील सल्ले एका पिशवीत घातले आहेत. त्यांची गाठ सोडवणे आवश्यक आहे, कारण चुकीच्या अस्वलासमोर योग्य सल्लाही घातक ठरतो.

‘हात वर करून मोठे व्हा आणि ओरडा’ हा सल्ला अमेरिकी काळ्या अस्वलासाठी आहे आणि त्याच्यापुरता तो बरोबर आहे. ते जनावर मोठ्या झाडांच्या जंगलात वाढले, त्यामुळे संकट आले की झाडावर चढून जाणे हा त्याचा पिढीजात मार्ग आहे. माणसाला पाहून ते बहुधा माघार घेते. १९०० ते २००९ या काळात संपूर्ण उत्तर अमेरिकेत काळ्या अस्वलांनी मारलेल्या माणसांची संख्या ६३ होती. एवढ्या मोठ्या खंडात, एकशे दहा वर्षांत, आणि अस्वले लाखोंनी असताना. त्यांतील बहुतेक हल्ले एकट्या नराने भक्ष्य समजून केलेले होते, म्हणूनच तेथे ‘काळ्या अस्वलाने धरलेच तर मेल्याचे सोंग घेऊ नका, प्रतिकार करा’ असे शिकवतात.

आपले अस्वल वाघाच्या शेजारी वाढले आहे. वाघापुढे ते पळू शकत नाही, त्याची नखे उकरण्यासाठी आहेत, धावण्यासाठी नाहीत. झाडावर ते मधासाठी चढते खरे, पण तेथे सुटका होत नाही, कारण बिबट्याही चढतो, आणि पाठीवर पिल्ले असतील तर मादीला ते शक्यच नसते. अशा जनावराला एकच मार्ग उरतो : शत्रू जवळ आला की आधी आपणच तुटून पडायचे, चेहऱ्यावर आणि डोक्यावर वार करायचे, आणि तो बिथरला की निघून जायचे. माणसाला खाण्याशी या हल्ल्याचा काही संबंध नसतो. त्यामुळे त्याच्यासमोर छाती काढून ओरडणे म्हणजे वाघाची नक्कल करणे होय.

तर मग काय करावे? अस्वल लांब दिसले आणि त्याने तुम्हांला पाहिले नसेल, तर आवाज न करता मागे फिरावे आणि वाट बदलावी. त्याने पाहिले असेल, तर त्याच्याकडे पाठ न करता, हळू, शांत आवाजात बोलत मागे सरकावे आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवावी. पिल्ले दिसली तर छायाचित्राचा मोह सोडावा. त्याने धाव घेतलीच तर पळू नये, कारण ते तुमच्यापेक्षा वेगाने धावते, चढावरही आणि उतारावरही. उतारावर अस्वलाच्या डोळ्यांवर केस येऊन ते आंधळे होते ही आपल्याकडची जुनी समजूत कानाला गोड आहे, परंतु तिच्यावर जीव टांगू नये. हातातली काठी पुढे आडवी धरावी. पाठीवरची पिशवी काढू नये. ते अंगावर आलेच तर पालथे पडून चेहरा जमिनीकडे करावा, दोन्ही हातांची बोटे मानेमागे गुंफावीत, कोपर कानांशी घट्ट ठेवावेत आणि ते निघून जाईपर्यंत हलू नये. तेव्हा सोंग घेण्याचा भाग आपल्या अस्वलापुरता अर्धा खरा आहे. फक्त ते सोंग उताणे पडून घेऊ नये, कारण या अस्वलाचा पहिला वार चेहऱ्यावर असतो.

मी गेली पंचवीस वर्षे या डोंगरांत फिरतो आहे. या काळात मला अस्वल समोरासमोर दोनदाच भेटले, आणि दोन्ही वेळी चूक माझीच होती. एकदा ओढ्याच्या खळखळाटात माझा आवाज बुडाला होता, आणि दुसऱ्यांदा पक्षी दिसावेत म्हणून मी मुद्दाम निःशब्द चाललो होतो. ओढ्याकाठी आणि वाऱ्याविरुद्ध चालताना मोठ्याने बोलावे. तुमच्यासारखा सात-आठ जणांचा गट एकत्र राहिला तर सहसा काही होत नाही. अपघात होतात ते पुढे गेलेल्या एकाला आणि मागे राहिलेल्या एकाला. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीविना जाऊ नये. पावसाळ्यात धबधब्यांकडे जाण्यावर बंदी असेल तर ती पाळावी, मग ती अस्वलासाठी असो वा पाण्यासाठी.

प्रश्न : आमच्या आजीने दिलेला अस्वलाच्या केसाचा ताईत घरात आहे. तो ठेवावा का? — एक वाचक, निपाणी

उत्तर : ठेवू नये. संरक्षित प्राण्याचा केस, नख किंवा दात जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. जवळच्या वनकार्यालयात विचारून तो तेथे जमा करावा. आजीच्या पिढीला हा ताईत दरवेशी विकत असे, जो नाकात वेसण घातलेले अस्वल दारोदार नाचवत फिरायचा आणि मुलांची दृष्ट काढण्यासाठी दोन केस उपटून द्यायचा. वेसण घालण्यासाठी पिल्लाच्या नाकातून तापलेली सळई घालत, हे आजीला कोणी सांगितले नसेल. देशातील नाचवले जाणारे शेवटचे अस्वल २००९ मध्ये सोडवण्यात आले. दरवेश्यांच्या कुटुंबांना दुसरा धंदा मिळवून दिल्याविना ते घडले नसते, याची नोंद येथे करणे योग्य ठरेल.

प्रश्न : चोर्ला घाटाच्या वाटेवर आमचे छोटे पर्यटक निवास आहे. स्वयंपाकघरामागे रात्री अस्वल येऊन गेल्याच्या खुणा दिसल्या. पाहुण्यांना हे कळल्यावर ते अस्वल पाहायला मिळावे असा आग्रह धरतात. कुंपणाबाहेर गूळ आणि फळे ठेवली तर ते दुरून दिसेल आणि आवारात येणार नाही, असे आमचा व्यवस्थापक म्हणतो. आपले मत काय? — एक व्यावसायिक, बेळगाव

उत्तर : आपल्या व्यवस्थापकांचे म्हणणे पहिला आठवडाभर खरे ठरेल.

राजस्थानातील माउंट अबू येथे ही गोष्ट पूर्णपणे उलगडलेली पाहता येते. तेथे हॉटेलांमागील कचरापेट्यांची चटक लागलेली देशी अस्वले रात्री गावातल्या रस्त्यांवरून फिरतात. छत्तीसगडमध्ये बागबाहराजवळील चंडीमाता मंदिरात ती प्रसादासाठी येतात आणि त्यांना पाहायला दुरून लोक जमतात. ते दृश्य मनोहर असले तरी त्या चित्रीकरणांत मी अस्वलापेक्षा लहान मुलांना अधिक न्याहाळतो. माणसाच्या वासाचा आणि अन्नाचा संबंध एकदा जुळला, की ज्या भीतीमुळे अस्वल आपल्यापासून दूर राहत असे ती संपते. पण दचकल्यावर तुटून पडण्याचा त्याचा स्वभाव संपत नाही. आपल्या अस्वलाच्या बाबतीत हे मिश्रण फार वाईट आहे.

ही सवय मोडता येते, हे अमेरिकेतील योसेमिटी राष्ट्रीय उद्यानाने दाखवून दिले आहे. १९९८ मध्ये तेथे काळ्या अस्वलांनी मोटारी फोडल्याच्या आणि सामान लुटल्याच्या पंधराशेहून अधिक घटना घडल्या. मोटारीत ठेवलेला खाऊ, इतकेच नव्हे तर दंतमंजन आणि साबण यांच्या वासाने अस्वले दरवाजे वाकवीत. उद्यानाने अस्वलांचा पाठलाग करण्याऐवजी मुक्कामाच्या प्रत्येक जागेवर लोखंडी पेट्या बसवल्या, अन्न त्यांतच ठेवणे सक्तीचे केले आणि न ठेवणाऱ्याला दंड केला. पुढे या घटना नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्या.

आपल्याला एवढ्या खर्चाची गरज नाही. खरकटे रात्री बाहेर ठेवू नये, ते पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या पिंपात, कुलपाच्या खोलीत ठेवावे आणि सकाळी गावाकडे न्यावे. घाटाच्या दरीत टाकू नये. हे मुद्दाम लिहितो, कारण त्या रस्त्याच्या वळणांवर कोणत्या निवासांच्या पिशव्या पडलेल्या असतात हे रोजचा वाटसरू ओळखतो. स्वयंपाकघराच्या मागे दिवा ठेवावा, आवारातील फणस पिकण्याआधी उतरवावेत, आणि मधमाश्यांचे पोळे असेल तर जाणकाराकडून हलवावे. पाहुण्यांना अस्वलाने फोडलेले वारूळ आणि झाडाच्या सालीवरची नखांची ओरखडी दिवसा दाखवावी. खरोखर अस्वलच पाहायचे असेल त्यांनी दारोजीला जावे.

प्रश्न : माझ्या मेहुण्यावर शेतात अस्वलाने हल्ला केला. प्रकृती आता बरी आहे. पण भरपाईसाठी आम्ही दोन राज्यांच्या कार्यालयांत फिरतो आहोत, कारण आमचे घर खानापूर तालुक्यात आणि ते शेत चंदगड तालुक्यात आहे. प्रत्येक जण दुसरीकडे पाठवतो. — एक वाचक, खानापूर

उत्तर : आपला त्रास मी समजू शकतो, आणि सीमाभागात असे एकट्या आपल्याच बाबतीत घडलेले नाही. ही भरपाई हल्ला जेथे झाला त्या जागेवरून ठरते. जखमी माणसाच्या घरावरून किंवा मातृभाषेवरून नाही. शेत चंदगड तालुक्यात असल्याने अर्ज महाराष्ट्र वनविभागाच्या तेथील वनक्षेत्रपालांकडे द्यावा लागेल. तोच हल्ला खानापूरच्या हद्दीत झाला असता, तर कर्नाटक वनखात्याच्या परिक्षेत्र अधिकाऱ्याकडे जावे लागले असते. सुदैवाने मदतवाहिनीचा क्रमांक दोन्ही राज्यांत १९२६ हाच आहे, पण सीमेजवळ फोन पलीकडच्या मनोऱ्याला जोडला जातो. म्हणून बोलताना प्रथम गाव, तालुका आणि राज्य सांगावे.

अर्जासोबत घटनास्थळाचा पंचनामा लागतो. कर्नाटकात त्याला महजर म्हणतात, आणि तो कन्नडमध्ये असल्यास सही करण्याआधी कोणाकडून तरी वाचून घ्यावा. तारीख, वेळ आणि सर्व्हे क्रमांक यांत चूक राहिली तर पुढे ती सुधारताना महिने जातात. शिवाय सरकारी डॉक्टरांचा दाखला, औषधांच्या पावत्या, ओळखपत्र आणि बँक खात्याचा तपशील लागतो. पिकाचे नुकसान असेल तर जमिनीचा उतारा जोडावा. अर्ज दिल्याची पोच तारखेच्या शिक्क्यासह घ्यावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज, असे समजून चालावे. कोणी तोंडी दुसरीकडे पाठवले तर ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ एवढे एक वाक्य लेखी मागावे. बहुतेक ठिकाणी ते लिहून देण्यापेक्षा अर्ज घेणे सोपे वाटते.

आणखी एक गोष्ट विचारून घ्या. मेहुण्यांना टाके घातले तेव्हा धनुर्वाताचे इंजेक्शन आणि रेबीजची लस दिली होती का? कोणत्याही वन्य सस्तन प्राण्याच्या चाव्यानंतर ती आवश्यक असते. जखमेच्या धावपळीत ती राहून गेली असेल किंवा पुढचे डोस चुकले असतील, तर भरपाईच्या कागदांआधी त्यांना घेऊन जिल्हा रुग्णालय गाठावे.